सुटी तिकिटे जोडणे आणि टप्पा सोडणे : पुण्याहून निघणाऱ्या प्रवाशासाठी क्रमवार पद्धत

विमानभाडे वाचवण्यासाठी दोन वेगळ्या पद्धती वापरल्या जातात आणि बहुतेकांचे नुकसान या दोहोंची गल्लत केल्याने होते. पहिल्या पद्धतीत प्रवासाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचे सुटे तिकीट घेतात, जसे पुणे ते दिल्ली एका कंपनीचे आणि दिल्ली ते लंडन दुसऱ्या कंपनीचे. दुसऱ्या पद्धतीत जायचे असते त्याच्याही पुढच्या शहराचे एकच तिकीट काढतात, कारण ते स्वस्त पडते, आणि मधल्या विमानतळावर उतरून शेवटचा टप्पा सोडून देतात.

दोहोंचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. सुट्या तिकिटांपैकी एखादे वाया गेले तरी बाकीची शाबूत राहतात, पण पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले तर कोणतीही कंपनी जबाबदारी घेत नाही. एकाच तिकिटावर कंपनीमुळे पुढचे विमान चुकले तर पोचवण्याची जबाबदारी तिचीच असते, पण टप्प्यांचा क्रम प्रवाशाला मोडता येत नाही. खालची प्रत्येक पायरी करताना आपण यांपैकी कोणत्या बाजूला आहोत, हे आधी ठरवावे.

१. हातातले तिकीट एक आहे की दोन, हे ओळखणे

पोर्टलवर एकदाच पैसे भरले म्हणजे तिकीट एकच आहे, असे नसते. पोर्टलचा स्वतःचा बुकिंग क्रमांक एक असतो आणि त्याच्याखाली दोन वेगळे पीएनआर असू शकतात. म्हणून पोर्टलच्या क्रमांकावर न थांबता ई-तिकिटावरचा सहा अक्षरी पीएनआर पाहावा आणि तो सर्व विमानांना समान आहे का, हे तपासावे. ज्या कंपन्या तेरा अंकी तिकीट क्रमांक देतात, त्यांच्या बाबतीत तोही पाहावा. त्याचे पहिले तीन अंक कंपनी सांगतात, उदाहरणार्थ एअर इंडियाचे ०९८. कमी खर्चाच्या अनेक कंपन्या केवळ पीएनआर देतात, तेव्हा तोच प्रमाण मानावा.

पैसे भरण्याआधीच्या पानावर ‘सेल्फ ट्रान्सफर’ किंवा ‘सामान स्वतः घेऊन पुन्हा जमा करावे’ अशी बारीक ओळ असली, तर ती सुटी तिकिटेच आहेत.

तपासणी : दोन्ही विमानांचे पीएनआर त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावेत. एका पीएनआरखाली संपूर्ण प्रवास दिसला तरच तो एक प्रवास आहे.

२. बचतीचा खरा हिशेब

समजा, पुण्याहून लंडनचे जाऊन-येऊन एकच तिकीट ८२,००० रुपयांना आहे आणि मुंबईहून तेच ६४,००० रुपयांना. फरक १८,००० रुपयांचा दिसतो. आता मुंबईच्या सहार विमानतळापर्यंतच्या गाडीचे जाता-येता मिळून ९,००० रुपये धरले, तर एकट्या प्रवाशाची निम्मी बचत द्रुतगती मार्गावरच संपते. तिघे असतील तर बचत ५४,०००ची आणि गाडी त्याच ९,०००ची, म्हणून कुटुंबासाठी हा मार्ग बहुधा परवडतो. एकट्यानेही सामायिक टॅक्सी घेतली तर हिशेब बदलतो, फक्त तिच्या वेळा आपल्या नसतात.

मोठी गफलत सामानात होते. आंतरराष्ट्रीय तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा मिळत असल्या, तरी पुणे–दिल्लीच्या सुट्या देशांतर्गत तिकिटावर इकॉनॉमीत सामान्यतः १५ किलोच असतात. म्हणजे ४६ किलोंपैकी ३१ किलो जादा. किलोला ६०० रुपये धरले तरी ते १८,६०० रुपये होतात आणि तेही एकाच बाजूचे. वरच्याएवढी सारी बचत पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या काउंटरवरच संपली. आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवल्यास काही कंपन्या देशांतर्गत विमानातही जादा सामान नेऊ देतात, पण ती सवलत सुट्या पीएनआरला लागू आहे असे लेखी वाचल्याशिवाय हिशेबात धरू नये. जादा वजन आधी ऑनलाइन घेतल्यास काउंटरपेक्षा स्वस्त पडते.

याशिवाय पुढच्या चार रकमा कागदावर लिहाव्यात : मधल्या मुक्कामाचे हॉटेल, मधल्या देशाचा व्हिसा, परकीय चलनात पैसे भरल्यास कार्डावर लागणारा अधिभार, आणि दुसरे विमान चुकल्यास आयत्या वेळी घ्यावे लागणारे तिकीट. ही शेवटची रक्कम लोक लिहीतच नाहीत, आणि माझ्या मते निर्णय तिच्यावरच व्हायला हवा. बाकी सगळे वजा करून बचत या रकमेच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी उरत असेल, तर एकच तिकीट घ्यावे.

३. दोन विमानांतले अंतर ठरवणे

एकाच तिकिटावर दाखवला जाणारा दीड-दोन तासांचा थांबा सुट्या तिकिटांना लावू नये. तो आकडा सामान कंपनीच पुढे नेणार आणि पुढचे चेक-इन आधीच झालेले, हे गृहीत धरून काढलेला असतो. सुट्या तिकिटांत उतरणे, पट्ट्यावरून बॅग घेणे, बाहेर पडणे, लागल्यास टर्मिनल बदलणे, दारावर सीआयएसएफच्या सुरक्षा जवानांना तिकीट आणि ओळखपत्र दाखवणे, बॅग जमा करणे, सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशन एवढी सगळी साखळी नव्याने पार पाडावी लागते. शिवाय घड्याळ लावायचे ते उड्डाणाच्या वेळेला नव्हे, काउंटर बंद होण्याच्या वेळेला. देशांतर्गत विमानांचे काउंटर सामान्यतः ६० मिनिटे आधी बंद होतात, आंतरराष्ट्रीय विमानांचे ६० ते ७५ मिनिटे आधी.

मी स्वतः असे अंतर धरतो : देशांतर्गत ते देशांतर्गत, एकाच टर्मिनलवर तीन तास. टर्मिनल बदलत असेल तर चार. देशांतर्गत ते आंतरराष्ट्रीय, सहा तास. परदेशातून उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल तर पाच तास, कारण त्यात इमिग्रेशन, बॅग आणि कस्टम तिन्ही येतात. डिसेंबर–जानेवारीत दिल्लीमार्गे जायचे असेल तर आदल्या दिवशीच दिल्लीला पोचावे. धुक्यात सकाळची विमाने अडकली की तीच विमाने पुढे दिवसभर उशिरा धावतात, त्यामुळे दुपारी ऊन पडल्यावरचे पुण्याचे विमानही सुरक्षित नसते. जून ते सप्टेंबर मुंबईचा पाऊस आणि घाट, दोन्हींचा अंदाज चुकतो.

सहा तासांचा नियम मी अनुभवातून शिकलो. एका जानेवारीत मी दिल्लीत सुटी तिकिटे जोडली होती. पुण्याचे विमान सायंकाळी ६:१० वाजता पोचणार होते आणि पुढचे आंतरराष्ट्रीय विमान रात्री १०:३० वाजता होते. चार तास वीस मिनिटे मला भरपूर वाटली. विमान ८:५० ला उतरले, बॅग पट्ट्यावर आली ९:२० ला, आणि टर्मिनल एकवरून तीनवर पोचेपर्यंत दहा वाजले. काउंटर साडेनऊलाच बंद झाला होता. पहिल्या कंपनीने मला दिल्लीला पोचवले होते, म्हणजे तिचे काम झाले होते. दुसऱ्या कंपनीच्या लेखी मी आलोच नव्हतो. पहाटेचे नवे तिकीट मूळ भाड्याच्या जवळजवळ दुप्पट पडले.

इशारा : पहिले विमान त्या मार्गावरचे दिवसातले शेवटचे विमान असू नये. ते रद्द झाले तर त्यानंतर आणखी एखादे विमान असले पाहिजे.

४. टर्मिनल आणि विमानतळ यांची पडताळणी

दिल्लीचे टर्मिनल एक आणि तीन, तसेच मुंबईचे एक आणि दोन, पायी जोडलेले नाहीत. बाहेर पडून वाहनाने किंवा मेट्रोने जावे लागते. मुंबईची देशांतर्गत विमाने दोन्ही टर्मिनलवरून सुटतात, म्हणून कंपनीच्या नावावरून अंदाज न बांधता तिकिटावरचा टर्मिनल क्रमांक वाचावा आणि प्रवासाच्या दोन दिवस आधी पुन्हा पाहावा.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमाने सुरू झाली आहेत. पुण्याहून जाणाऱ्याला ते सहारपेक्षा जवळचे आहे. मात्र शहराचे नाव टाकून शोधल्यास दोन्ही विमानतळांची विमाने एकत्र दिसू शकतात. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचे तिकीट घेतले, तर मध्ये खाडी आणि मुंबईची वाहतूक ओलांडावी लागते. तीन अक्षरी कोड पाहावा : बीओएम म्हणजे सहार–सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई.

५. व्हिसा

एकाच तिकिटावर परदेशातल्या मधल्या विमानतळावर प्रवासी अनेकदा आतल्या आतच पुढच्या विमानाकडे जातो. सुट्या तिकिटांत बॅग घेण्यासाठी त्याला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावे लागते, म्हणजेच त्या देशात प्रवेश करावा लागतो. त्यासाठी ट्रान्झिट व्हिसा पुरेलच असे नाही. युरोपातल्या शेंगेन देशांत बाहेर पडायचे तर शेंगेन व्हिसाच लागतो.

मधला थांबा परदेशात असेल, तर तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर भारतीय पारपत्रासाठीचा नियम वाचावा आणि त्या पानाची प्रत तारखेसह जवळ ठेवावी. प्रवेशाचा व्हिसा नसेल तर पुण्याच्या काउंटरवरच अडवतात, कारण पहिल्या कंपनीच्या दृष्टीने तुमचा प्रवास त्या मधल्या देशातच संपतो. पुढचे तिकीट छापील दाखवण्याची तयारी ठेवावी. तरीही निर्णय काउंटरवरच्या माणसाचा असतो.

६. तिकिटे काढण्याचा क्रम

अ. दोन्ही तिकिटे दोन वेगळ्या खिडक्यांत उघडून, पैसे भरण्याच्या आधीच्या पानापर्यंत न्यावीत. शोधाच्या यादीतली किंमत आणि शेवटच्या पानावरची किंमत यांत सीट आणि सामान यांमुळे फरक पडतो.

आ. आधी लांबचे, दुर्मीळ आणि महाग तिकीट घ्यावे, मग लगेच जोडतिकीट. पुणे–दिल्ली मार्गावर दिवसभरात पर्याय असतात, लांबच्या विमानाला बहुधा नसतात. उलट क्रमाने घेतल्यास हातात पैसे परत न मिळणारे दिल्लीचे तिकीट राहते आणि लंडनचे भाडे तेवढ्यात चढते.

इ. तारीख घालताना मध्यरात्रीचा घोळ टाळावा. मुंबईची कित्येक आंतरराष्ट्रीय विमाने रात्री बारा ते चारच्या दरम्यान सुटतात. १४ तारखेच्या ०१:५५ च्या विमानासाठी पुण्यातून १३ तारखेच्या संध्याकाळी निघायचे असते. ‘चौदाचे विमान, चौदाच्या संध्याकाळी निघू’ असे म्हणून पूर्ण एक दिवस उशिरा पोचलेले कुटुंब मी पाहिले आहे, आणि त्यात दोन इंजिनिअर होते. कागदावर ‘१३ची रात्र’ असे शब्दांत लिहून फ्रिजवर लावावे.

ई. नाव प्रत्येक तिकिटावर पारपत्राप्रमाणेच असावे. आपल्याकडे पारपत्रात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव जोडलेले असते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असते. एका तिकिटावर मधले नाव आणि दुसऱ्यावर नाही, असे झाल्यास काउंटरवर निष्कारण वेळ जातो.

उ. विमाविषयक कलम वाचावे. ‘मिस्ड कनेक्शन’ची भरपाई सुट्या तिकिटांना मिळते का आणि किती तासांच्या अंतराच्या अटीवर, हे पॉलिसीच्या शब्दांत पाहावे, एजंटच्या शब्दांत नव्हे.

तपासणी : दोन्ही तिकिटे हातात आल्यावर वेळ, तारीख, विमानतळ, टर्मिनल, नाव आणि सामानाचे किलो एकाच कागदावर एकाखाली एक लिहावेत. चूक बहुतेक वेळा तिथेच दिसते.

७. प्रवासाच्या दिवशी

कोथरूड किंवा पिंपरी-चिंचवडहून लोहगावला जाताना नगर रस्ता आणि विमाननगर यांना वेळ द्यावा. काउंटरवर बॅग जमा करताना दुसरे तिकीट दाखवून ‘सामान शेवटपर्यंत जाईल का’ असे विचारायला हरकत नाही, पण उत्तर ऐकून पुढे जाऊ नये. बॅगेच्या मुठीला लावलेली लांब पट्टी हातात घेऊन तिच्यावरचा मोठ्या अक्षरांतला कोड वाचावा. तिथे डीईएल लिहिले असेल, तर काउंटरवरची व्यक्ती काहीही म्हणाली तरी बॅग दिल्लीच्या पट्ट्यावर येणार आणि ती तुम्हालाच उचलावी लागणार.

पहिले विमान उशिरा निघणार असे कळताच, पुण्यातच बसून, दुसऱ्या कंपनीला फोन करून तारीख बदलून घ्यावी. उड्डाणापूर्वी बदलायला शुल्क लागते, पण ‘नो-शो’, म्हणजे प्रवासी आलाच नाही अशी नोंद, लागल्यावर बहुधा भाडेच जाते. पुण्यात डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे मिळणारा चहा-नाश्ता किंवा सहा तासांहून अधिक उशीर झाल्यास मिळणारा परतावा हे पहिल्या विमानापुरतेच असते. पुढच्या सुट्या तिकिटाचा त्याच्याशी संबंध नसतो.

दुसरे तिकीट वाया गेलेच, तर त्यातले वैधानिक कर आणि विमानतळाचे युजर डेव्हलपमेंट फी, पॅसेंजर सर्व्हिस फी हे भाग परत मागावेत. डीजीसीएच्या नियमानुसार भाडे बिनपरतीचे असले आणि नो-शो झाला असला, तरी ते परत द्यावे लागतात. आपोआप क्वचितच येतात, म्हणून अर्ज करावा, आणि दाद न मिळाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

८. टप्पा सोडण्याची पद्धत, तिच्या मर्यादांसह

समजा, पुणे–दिल्ली थेट ९,२०० रुपयांना आहे आणि त्याच विमानाने दिल्लीमार्गे अमृतसरचे तिकीट ६,९०० रुपयांना. कंपनी अंतराप्रमाणे भाडे लावत नाही, त्या मार्गावरच्या स्पर्धेप्रमाणे लावते, म्हणून असे घडते. हा भारतात फौजदारी गुन्हा नाही, मात्र अमेरिकन आणि युनायटेडसारख्या कंपन्यांच्या प्रवासाच्या अटींत याला स्पष्ट मनाई आहे. पकडल्यास त्या उरलेले तिकीट रद्द करू शकतात, भाड्यातला फरक मागू शकतात किंवा प्रवासावर मिळून साठवलेले माइल्स (गुण) काढून घेऊ शकतात. ज्या कंपनीने वर्षभर कामानिमित्त जायचे आहे, तिच्याशी दोन हजारांसाठी हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. करायचेच असेल तर पुढील क्रम पाळावा.

अ. फक्त शेवटचा टप्पा सोडता येतो. ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. पुणे–दिल्ली–लंडन असे तिकीट आहे, प्रवासी कामासाठी आधीच दिल्लीत आहे, आणि तो म्हणतो, ‘मी दिल्लीहूनच बसतो.’ पुण्याच्या विमानात तो चढला नाही की पुढचे सर्व टप्पे, परतीसह, रद्द होतात. अशा वेळी कंपनीला उड्डाणापूर्वी कळवून तिकीट बदलून घेणे एवढाच मार्ग आहे, आणि त्याचे भाडे वाढू शकते.

आ. म्हणून जाण्याचे आणि येण्याचे तिकीट वेगवेगळे, एकेरी घ्यावे. एकाच तिकिटावर जाऊन-येऊन असेल, तर जातानाचा अमृतसरचा टप्पा सोडताच परतीचे तिकीट मरते.

इ. सामान फक्त केबिनमध्ये. बॅग जमा केली की ती अमृतसरला जाते. केबिन बॅग सात किलोच्या आत आणि मापात ठेवावी, आणि चढताना मागे राहू नये, कारण वरचे कप्पे भरले की दारातच बॅग काढून घेतात आणि तिला शेवटच्या शहराचा टॅग लावतात. छोट्या एटीआर विमानाच्या मार्गावर हा धोका मोठा आहे. औषधे, किल्ल्या आणि लॅपटॉप वेगळ्या पिशवीत हवेत.

याला एक अपवाद आहे. परदेशातून भारतात येताना ज्या विमानतळावर प्रथम उतरतो, तिथेच सामान्यतः कस्टमसाठी बॅग ताब्यात घ्यावी लागते. लंडन–दिल्ली–पुणे तिकिटावर दिल्लीतच काम निघाले, तर बॅग हातात असते आणि पुण्याचा टप्पा सोडता येतो. निघतानाच्या काउंटरवर मात्र बॅग कुठे घ्यायची, हे विचारून टॅग वाचावा.

ई. विमान बदलते आहे, याची खात्री करावी. एकाच विमानाचा मध्ये थांबा असेल, तर पुढे जाणाऱ्यांना सामान्यतः आतच बसवून ठेवतात, डोकी मोजतात आणि कोणती बॅग कोणाची हे विचारतात. तिथे उतरायचा प्रयत्न केल्यास सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो आणि शंभरावर माणसांचा खोळंबा होतो. अशा तिकिटावर हा प्रकार करूच नये.

उ. ज्या दिवशी दिल्लीला पोचणे अत्यावश्यक आहे, त्या दिवशी हे टाळावे. पहिले विमान रद्द झाले तर कंपनी तुम्हाला अमृतसरला पोचवायला बांधील आहे, दिल्लीला नाही. ती मुंबईमार्गे पाठवू शकते, आणि ‘मला दिल्लीलाच जायचे होते’ हे तिथे सांगता येत नाही. मुलाखत, लग्न, न्यायालयाची तारीख यांसाठी थेट तिकीटच घ्यावे.

ऊ. तिकिटात माइल्स जमा करणारा फ्रिक्वेंट फ्लायर क्रमांक घालू नये, आणि एकाच कंपनीशी वारंवार असे करू नये.

ए. वेब चेक-इनमध्ये टप्पे वेगळे निवडता येत असतील तर फक्त पहिल्या टप्प्याचे करावे. दोन्हींचे झाले असेल, तर दिल्लीत अमृतसरच्या विमानाच्या दारावरचे कर्मचारी चेक-इन झालेला पण न आलेला प्रवासी शोधत बसतात. दिल्लीत उतरल्यावर ‘ट्रान्सफर’च्या पाटीकडे न वळता सामानपट्टा आणि आगमन यांच्या पाटीमागे चालत बाहेर पडावे. पहिल्या टप्प्याचा बोर्डिंग पास आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवावी, म्हणजे पुढे भाड्यातल्या फरकाची मागणी आलीच, तर काय घेतले आणि काय वापरले, याचा पुरावा हाताशी राहतो.